साडूंची लांबवलेली मॉरिस

आमच्या साडूंइतका एकाच गाडीबद्दल बोललेला आणि तरीही त्या गाडीत इतका कमी बसलेला माणूस जालना जिल्ह्यात दुसरा नसावा. जिल्हा म्हणतो तो माझा विनय. सगळा मराठवाडा म्हणायलाही माझी हरकत नाही, पण मग ते स्वतःच मला अडवतील आणि विचारतील, "मोजून पाह्यलं का?" मोजल्याशिवाय बोलायचं नाही हा त्यांचा नियम आहे आणि मोजल्यावर बोलायचं थांबायचं नाही ही सवय.

साडू हे नातं तसं गमतीचं. एकाच सासऱ्यानं दोन वेगवेगळ्या हंगामांत पारखून घेतलेली दोन माणसं, एवढाच काय तो संबंध. माझी पारख झाली तेव्हा सासऱ्यांची नजर अधू झाली होती, असं साडूंचं मत. त्यांची झाली तेव्हा सासऱ्यांना माणसांचा अनुभव नव्हता, असं माझं. मी त्यांना अण्णा म्हणतो, ते मला साडूभाऊ. मी जालन्यात राहतो आणि बदनापूरच्या एका कचेरीत रोज रेल्वेनं जाऊन-येऊन कारकुनी करतो. ते जाफराबाद तालुक्यात टेंभुर्णीला असतात. पाटबंधारे खात्यातून ट्रेसर म्हणून निवृत्त झाले. ट्रेसर म्हणजे इंजिनिअरनं पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद अंथरून त्याच्यावरून शाईची रेघ ओढणारा माणूस. पस्तीस वर्षं अण्णांनी दुसऱ्याच्या रेघेवरून रेघ ओढली. कालवे, पाट, सांडवे, बंधारे, सगळं दुसऱ्यानं ठरवलेलं. स्वतःच्या मनानं एखादी रेघ वाकडी ओढण्याचीसुद्धा त्या नोकरीत सोय नव्हती. निवृत्तीनंतर त्यांनी जे काही केलं त्याची मुळं मला तरी तिथंच दिसतात.

गाडी म्हणजे मॉरिस मायनर. महायुद्ध संपल्यावर विलायतेत निघालेली, गोल पाठीची, कासवासारखी दिसणारी छोटी मोटार. तरुणपणी एकदा धरणाच्या कामावरून जालन्याला येताना अण्णांची बस चुकली, आणि त्यांच्या साहेबांनी त्यांना आपल्या मॉरिसमध्ये मागच्या सीटवर घेतलं. अण्णांच्या मांडीवर नकाशांच्या गुंडाळ्या होत्या, गाडीचा रंग दुधात राख मिसळावी तसा होता, आणि साहेब मोठे बोलके होते. वाटेत त्यांनी ही गाडी कशी जन्मली ते सांगितलं. तो प्रवास दीड तासाचा. अण्णा तो गेली चाळीस वर्षं सांगून राहिलेत.

गोष्ट अशी. लढाई चालू असतानाच तिकडं एक नकाशेवाला इंजिनिअर साध्या माणसासाठी मोटार काढत बसला होता. इथं अण्णा 'नकाशेवाला' या शब्दावर जरा थांबतात. हाताला सापडेल त्या कागदावर तो चित्रं काढायचा म्हणे. चाकं लहान घेतली आणि चार कोपऱ्यांत ढकलली, म्हणजे आत माणसाला जागा. कंपनीच्या मालकानं गाडी पाहिली आणि उकडलेलं अंडं म्हणून नाक मुरडलं. इंजिनिअरला हवं होतं ते नवं इंजिन मिळालं नाही, जुन्यावरच भागवायला लागलं. आणि मग, सगळं ठरलं, गाडी तयार झाली, बंपरसुद्धा बनून आले, तेव्हा त्यानं तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि त्याला वाटलं की ही अरुंद आहे. "मंग काय केलं आसंल त्यानं?" अण्णा विचारतात. ऐकणाऱ्याला उत्तर माहीत असतं, कारण ऐकणारा टेंभुर्णीचा असतो. तरी तो 'काय?' म्हणतो, कारण नाही म्हटलं तर गोष्ट पहिल्यापासून सुरू होते. "कापली! मधून उभी कापली. दोन फाका केल्या, आन् सरकवत गेला, सरकवत गेला. बराबर दिसली तिथं थांबला. किती? चार इंच!" आणि चार बोटं वर. तयार बंपर तोकडे पडले म्हणून त्यांनाही मधे तुकडा जोडला. तिच्या बॉनेटवर मधोमध जी सपाट पट्टी दिसते, ती त्या चार इंचांचीच.

ही गोष्ट त्यांनी लग्नात सांगितली आहे, बारशात सांगितली आहे, एका तेरवीला तर गेलेल्या माणसाचा मुलगा मधे उठून पंगत वाढायला गेला तरी ते थांबले नव्हते. माझ्या पुतणीच्या साखरपुड्यात दोन्हीकडची मंडळी मानपानावरून गुर्मीत आली होती. कोणी कोणाकडं बघेना. अण्णांनी मधे खुर्ची घेतली आणि महायुद्धापासून सुरुवात केली. बंपरापर्यंत पोचता पोचता दोन्ही पक्षांचं इथून लवकर निघावं याबद्दल पूर्ण एकमत झालं होतं. ते लग्न आजही सुखात चालू आहे.

त्या गोष्टीतून अण्णांनी आपलं तत्त्वज्ञान काढलं होतं. जगात जे काही बनवलं जातं ते बनवणाऱ्याच्या मापाचं असतं, वापरणाऱ्याच्या नाही. म्हणून प्रत्येक वस्तू चार इंच कमी असते. खिशात स्टीलची पट्टी आणि कानावर पेन्सिल घेऊन ते हे सिद्ध करत फिरायचे. आमच्या घरी आले की आधी सोफा मोजायचे. "साडूभाऊ, ह्याच्यावर तिसरा माणूस बसतो तो पाहुणा न्हाई, अतिक्रमण आहे." जाफराबादच्या बसमध्ये तिघांच्या बाकाचे तीन सारखे भाग पाडून त्यांनी कंडक्टरला दाखवलं की आपल्या वाट्याला पुरतं बाक आलेलं नाही. कंडक्टर शांत माणूस होता. म्हणाला, "काका, तिकीट सीटचं आसतं, इंचाचं न्हाई." स्वतःच्या घरचा दिवाण त्यांनी खरोखर उभा कापून मधे बाभळीची फळी घातली. गादी मात्र आधीच्याच मापाची राहिली. त्यामुळं दोन्ही कडांना दोन-दोन इंच लाकूड उघडं पडलं. त्यावर ते रात्री चष्मा ठेवतात आणि ही सोय आधी नव्हती म्हणून सांगतात.

आणि या माणसाला मोटार चालवता येत नाही. सायकल येते. विचारलं तर म्हणतात, "चालवणारे बक्कळ आहेत. म्या नकाशावाला."

अक्का म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. हिच्या जिभेला अण्णांच्या पट्टीपेक्षा बारीक खुणा आहेत. तीन वर्षांपूर्वी न्हाणीत पाय घसरून ती पडली आणि तिचा उजवा गुडघा वाकेनासा झाला. पाय काठीसारखा सरळ. काळीपिवळी जीपमध्ये चार जणांच्या जागेत सात जण घडी घालून बसतात, तिथं ज्याची घडीच होत नाही असा पाय कुठं ठेवणार? बसची पायरी उंच. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणत होते, पण अक्का बिलकुल तयार नव्हती. "चांगला पाय द्यायचा आन् लोखंडाचा घ्यायचा? म्या काय ट्रॅक्टर आहे?" तिचं माहेर टेंभुर्णीपासून पाणंदीनं चार-पाच किलोमीटर. दर भाऊबीजेला ती तिथं जायची, भावाला ओवाळायची आणि मग बांधावरच्या चिंचेवरून त्याच्याशी कडाडून भांडायची. पडल्यावर दोन भाऊबिजा गेल्या. भाऊ स्वतः येऊन ओवाळून घेऊन जायचा. पण माहेरचा माणूस आपल्याकडं येणं वेगळं आणि आपण माहेरी जाणं वेगळं, आणि दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून आलेल्या भावाशी मनासारखं भांडता येत नाही. एकदा अण्णांनी तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खुर्ची ठेवून न्यायचं ठरवलं. चौघांनी खुर्चीसकट वर चढवली. अक्कानं वरून आजूबाजूला जमलेली गर्दी पाहिली आणि म्हणाली, "अहो, मला काय विसर्जनाला नेऊन राह्यले?" खुर्ची तशीच खाली उतरली. त्यानंतर तिनं माहेरचं नावच काढलं नाही, आणि अण्णांना त्या गप्प बसण्याचा फार त्रास झाला असावा. अक्का गप्प बसणारी बाई नव्हे.

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात अण्णा हयातीचा दाखला द्यायला जालन्याला आले होते. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करून ते रिक्षानं एमआयडीसीच्या रस्त्यानं येत होते. त्या रस्त्यावर सळया बनवणारे कारखाने आहेत आणि तिथं वितळवायला देशभरातून भंगाराचे ट्रक येतात. अशाच एका ट्रकच्या फळीवरून त्यांना एक मडगार्ड दिसलं. नुसता त्याचा गोल बाक. त्या बाकावरून त्यांनी गाडी ओळखली. चालती रिक्षा थांबवली, उतरले आणि ट्रकमागं आत शिरले. मला कचेरीत फोन आला तेव्हा मागं मोठी खडखड चालू होती. "साडूभाऊ, जल्दी या. भट्टीत घालून राह्यलेत तिला."

"कोणाला?" मी उडालोच.

"मॉरिसला!"

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मिळेल त्या गाडीनं जालना गाठलं. अण्णा भंगाराच्या ढिगावर बसले होते. ढिगावर म्हणजे खरोखर वर, मोडक्या पलंगांच्या आणि पत्र्यांच्या राशीवर, शेजारी मॉरिस. तिचे दोन तुकडे झाले होते. भट्टीत मावावी म्हणून गॅस कटरवाल्यानं तिला पुढच्या दरवाज्यांच्या मागं आडवी छेदली होती. इंजिन कधीच कोणी काढून नेलं होतं. यार्डाचा सुपरवायझर खालून हात जोडून सांगत होता, "बाबा, उतरा. ह्याची आता सळई होणार आहे."

"वाईट कापली," अण्णा मला म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं, पण तक्रार तांत्रिक होती. "उभी कापायची आसती. आडवी कापली."

सुपरवायझरनं वजनावर देतो म्हटलं. मोटार कांद्यासारखी वजनानं घ्यायची याचा अण्णांना अपमान वाटला. पण काट्यावर चढवली तेव्हा काटा बराबर शून्यावर होता की नाही ते त्यांनी दोनदा पाहिलं. मी म्हटलं, "अण्णा, मेलेली गाडी आहे. करणार काय हिचं?" ते दोन तुकड्यांच्या मधल्या फटीत उभे होते. एकदा पुढच्या तुकड्याकडं पाहिलं, एकदा मागच्या. मग फार हळू म्हणाले, "मेली कुठं? काम अर्धवट आहे तिचं. त्यानं रुंदी वाढवली. लांबी ऱ्हायली."

तेव्हा मला काही कळलं नाही. टेंभुर्णीला गेल्यावर कळलं. अण्णांनी अक्काला खुर्चीवर बसवलं होतं, उजवा पाय समोर स्टुलावर सरळ, आणि कमरेपासून टाचेपर्यंत माप चाललं होतं. पुढची सीट मागं सरकवली तर पाय सरळ ठेवून माणूस बसू शकतो. गाडी सीटच्या मागंच कापली गेली आहे. तिथं मधे पट्टी घालून ती लांबवली की सीट सरकायला जागा होते. कमी पडत होते साडेतीन इंच. अण्णांनी आदरापोटी चार धरले.

रशीद मिस्त्री हा टेंभुर्णीचा वेल्डर. ट्रॉल्या आणि लोखंडी दरवाजे ही त्याची कला. त्यानं दोन तुकडे पाहिले, बिडी काढली, परत ठेवली. "काका, ट्रॉली आसती तर दोन दिवसांत देतो. ही तर मय्यत हाये." पण अण्णांनी नकाशा पसरला आणि रशीद बघतच राहिला. पस्तीस वर्षं दुसऱ्याच्या रेघा गिरवलेल्या हातानं पहिल्यांदा स्वतःची रेघ ओढली होती. पट्टी कुठं, गर्डर कुठं, किती जाडीचा, कुठल्या बाजूनं वेल्डिंगचा टाका. रशीद म्हणाला, "इतका साफ तर आमच्या निकाहनाम्याचा कागदबी न्हवता." मग दोघे जे भांडायला लागले ते वर्षभर भांडत होते. अण्णा पाव इंचासाठी जोड तोडायला लावायचे, रशीद गॉगल कपाळावर चढवून आकाशाकडं पाहायचा, आणि तोडायचा. इंजिन माल वाहणाऱ्या तीनचाकी रिक्षाचं बसवलं. मी जरा हसलो, तर अण्णा म्हणाले, "त्यालाबी मनासारखं इंजिन मिळालं न्हाई." रंग रशीदकडं होता तोच, दरवाज्यांना मारायचा चंदेरी. फक्त मधल्या नव्या पट्टीवर अण्णांनी रंग मारू दिला नाही. तिथं नुसता तांबडा प्रायमर. "जोड दिसला पाह्यजे. दुरुस्ती लपवायची म्हंजे चुकीची लाज वाटती आसा अर्थ होतो."

पहिल्या तपासणीला अक्का आली. आत जागा भरपूर होती, पण आत जाता येईना. सरळ पाय दरवाज्याच्या खांबाला अडायचा. अण्णांनी तिला पुढून घालून पाहिलं, मागून घालून पाहिलं, तिरकी करून पाहिलं. अर्ध्या तासानं अक्का म्हणाली, "आता उलटी टांगून पाहा, तेवढंच ऱ्हायलं." अण्णा घरी गेले आणि दोन दिवस जेवणाशिवाय कशालाही उठले नाहीत. सगळी मापं बरोबर होती आणि बाई आत जात नव्हती. त्या इंजिनिअरनंसुद्धा हे भोगलं असणार, एवढाच त्यांना आधार.

तोड रशीदनं काढली. गावातल्या न्हाव्यानं दुकान नवं केलं होतं आणि जुनी फिरती खुर्ची मागं टाकून दिली होती. रशीदनं तिचा गोल पाया आणून सीटच्या खाली जोडला. आता बसणाऱ्यानं बाहेर तोंड करून बसायचं, खुर्ची फिरवायची, की पाय खांबाला चाटून अलगद आत. वाढवलेली लांबी नसती तर पाय फिरलाच नसता, हे अण्णांनी सगळ्यांना तीन-तीनदा दाखवलं. कल्पना आपली नाही याचं त्यांना वाईट वाटलं होतं. पण संध्याकाळी बसून त्यांनी रशीदच्या खुर्चीचा सुंदर नकाशा काढला आणि खाली कोपऱ्यात रशीदचं नाव लिहिलं. अक्का पहिल्यांदा खुर्चीत बसून गर्रकन आत वळली तेव्हा म्हणाली, "दाढी करायला बसवलं का मला?" पण उतरली नाही. बराच वेळ उतरली नाही.

गेल्या वर्षीची भाऊबीज. मोठ्या रस्त्यावर ही गाडी काढायची परवानगी कुठलं खातं देणार? पण माहेरची वाट पाणंदीची, शेताशेतांतून जाणारी. चालवायला मी. मागं माझी बायको, मांडीवर ओवाळणीचं ताट आणि करंज्यांचा डबा. पुढं अक्का, पाय सरळ, पदर सावरून. अण्णांना म्हटलं, बसा मागं. ते म्हणाले, "आत बसून जोड दिसत न्हाई." आणि ते गाडीबरोबर चालायला लागले. कमरेत वाकून, नजर त्या तांबड्या पट्टीवर. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, वेचणाऱ्या बायका कमरेवर हात ठेवून उभ्या राहत होत्या, आणि आमची चंदेरी गाडी बैलगाडीच्या चालीनं डुगडुगत चालली होती. मी जरा वेग वाढवला की अण्णा धावायचे. पासष्टीचा माणूस, म्हणून मी वेग वाढवेनासा झालो.

ओढ्यापाशी आलो. पाणी आटलं होतं, पण मोठाले गोटे. अण्णांनी आम्हाला थांबवलं, स्वतः पलीकडं जाऊन आले, दोन गोटे ढकलले आणि हात केला. पुढची चाकं उतरली, आणि गाडी मधोमध कर्रकन वाजली. तेवढ्यात अक्का खिडकीतून म्हणाली, "अहो, तुटली तर काळजी करू नका. म्या पुढच्या भागात हाये, माहेराकडंच जाईन."

"आणि मागच्या भागात मी आहे!" माझी बायको मागून ओरडली.

तुटली नाही. पलीकडच्या चढावर रिक्षाच्या इंजिनानं दम खाल्ला, शेतातले दोघे धावत आले आणि त्यांनी ढकलली. अण्णांनी मात्र ढकलायला हात लावला नाही. ते खाली वाकून जोडाकडं पाहत उलटे चालत होते.

मेहुणा शिवेवर उभा होता. वर्षभर त्यानं या गाडीची टिंगल केली होती. आता नुसता "अक्का" म्हणाला आणि गाडीच्या पुढं पुढं चालत गेला. अंगणात गाडी थांबली, दार उघडलं, आणि अक्का खुर्चीसकट बाहेर वळली. उतरली नाही. तशीच बसून तिनं भावाला समोर पाटावर बसवून ओवाळलं. करंज्यांचा डबा उघडला. आणि पाच-दहा मिनिटांत चिंचेचा विषय निघाला. "दोन वर्षं माझ्या वाट्याच्या चिंचा कुठं गेल्या? बोल ना. कामून गप बसला?" तिचा आवाज तिसऱ्या घरापर्यंत जात होता. मी अण्णांना शोधत गाडीच्या मागं गेलो. ते चपला काढून उभे होते. तळपायांना फोड आले होते.

"धरला की हो जोड," मी म्हटलं.

त्यांनी बोट ओठावर ठेवलं. "भांडून राह्यली," ते म्हणाले. "ऐका."

पण त्या गाडीनंच अण्णांचा घात केला. मोटार पाहायला गाव लोटला होता, त्यात अक्काची लहानपणची मैत्रीण आली. हिचा गुडघा अक्काहून वाईट होता, हे अक्काला पक्कं ठाऊक. ती बाई पायऱ्या उतरून टकाटका चालत आली. ऑपरेशन करून सहा महिने झाले होते. अक्कानं तिला चारदा अंगणातून चालून दाखवायला लावलं. घरी परतल्यावर दारात उतरताना ती म्हणाली, "अहो, त्या डॉक्टरला इचारा." अण्णांनी दोन वर्षं तिची मनधरणी केली होती; तिनं एका मैत्रिणीच्या चालीवर निर्णय घेतला. जानेवारीत जालन्यात ऑपरेशन झालं. दीड महिना ती आमच्याकडं होती, आणि त्या काळात माझ्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्याची जागा बदलली. मग चालायला लागली. मग जी चालायला लागली ती थांबेना. बायकांना बसमध्ये अर्धं तिकीट, तेव्हा आज जाफराबाद, उद्या भोकरदन, परवा आमच्याकडं. माहेरी तर पायीच जाऊन चिंचेचं भांडण उरकून संध्याकाळच्या स्वयंपाकाला परत.

"बरं झालं," अण्णा म्हणाले. त्या महिन्यात ते मला तीनदा म्हणाले, "बरं झालं." ते खोटं बोलत नव्हते, अक्का पहिल्यांदा काठी सोडून चालली तेव्हा मी त्यांना रडताना पाहिलं आहे. पण मॉरिस पत्र्याच्या शेडखाली उभी राहिली ती राहिलीच. तिच्यावर कोंबड्या बसायला लागल्या. उन्हाळ्यात एका लग्नात मंडपातल्या कोणीतरी मुद्दाम छेडलं, "काका, ती चार इंचांची गोष्ट होऊन जाऊ द्या." अण्णा म्हणाले, "जुनी झाली ती." आणि वाटीतला मठ्ठा पिऊन उठले. आयुष्यभर ज्या गोष्टीतून सुटायला मी धडपडलो, ती त्या दिवशी त्यांनी सांगितली असती तर मी पहिल्या रांगेत बसलो असतो. कानावर पेन्सिल होती, पण तिचं टोक मोडलेलं होतं, आणि ते त्यांना माहीत नव्हतं.

गेल्या रविवारी आम्ही दोघं टेंभुर्णीला गेलो होतो. दुपारची वेळ. अण्णा शेडसमोर बाजेवर बसले होते, हात मांडीवर, समोर कागद-पट्टी काहीच नाही. आम्ही आलो तर बसा म्हणाले, सोफ्याची चौकशी केली नाही. बायको चहा ठेवायला आत गेली. मी ओट्यावर टेकलो होतो तेवढ्यात अक्का बाजारातून आली. दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या, चाल तरण्या बाईची. पायऱ्या चढून पिशव्या ओट्यावर ठेवल्या, मला "कधी आल्ते?" म्हणून विचारलं, पदरानं तोंड पुसलं, आणि एकदा बाजेकडं पाहिलं. मग ती पायऱ्या उतरून अंगणातून सरळ शेडकडं निघाली. मॉरिसपासून दोन पावलांवर आल्यावर तिनं लंगडायला सुरुवात केली.

"अहो," ती म्हणाली, "जरा पाह्यता का? हितं बसलं की पाय अवघडून राह्यलाय माझा. जागा कमी पडती."

अण्णा उठून उभे राहिले. मीही, कारण अक्का डाव्या पायानं लंगडत होती. ऑपरेशन उजव्याचं झालं होतं. ज्या माणसानं त्या उजव्या गुडघ्याची मापं वर्षभर वहीत लिहून ठेवली, त्याला हे दिसणार नाही असं कसं होईल? त्यांनी डाव्या पायाकडं पाहिलं. मग अक्काच्या तोंडाकडं. अक्का शेडच्या पत्र्याकडं पाहत होती, तिथं पाहण्यासारखं काही नव्हतं.

"केव्हापासून?" अण्णांनी विचारलं.

"झाले दोन-चार दिवस."

"मंग आधी न्हाई का सांगायचं?" असं म्हणत त्यांनी हाताच्या फटक्यानं कोंबड्या उडवल्या, सीटवरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली आणि खुर्ची बाहेर फिरवली. अक्का बसली, हुश्श केलं आणि पाय लांब केला. डावाच. अण्णा हळूहळू खाली बसले, एक गुडघा टेकून, मग दुसरा.

आतून बायकोनं विचारलं, चहा ठेवू का सगळ्यांना. मी म्हटलं, अर्ध्या तासानं ठेव.